माती वाचणाऱ्याचे ऋण

गेल्या वैशाखात आमचा एक जुना विद्यार्थी वाळूज येथे आमच्या घरी उतरला होता. तो सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करतो, आणि त्या कामासाठी त्यास या भागातील मातीचे नमुने हवे होते. दुसऱ्या दिवशी ऊन तापण्यापूर्वी आम्हीही त्याच्याबरोबर निघालो. औद्योगिक वसाहतीच्या भिंती जेथे संपतात आणि शेते सुरू होतात, तेथे एका बांधावर बसून त्याने निर्जंतुक चमच्याने वरचा थर बाजूस सारला, खालची चिमूटभर माती लहानशा नळीत भरली, नळीवर क्रमांक घातला आणि ती बर्फाच्या पेटीत ठेवली. शेताचे मालक, सत्तरी उलटलेले गृहस्थ, हा सर्व प्रकार उभे राहून पाहत होते. परवानगी त्यांनी आनंदाने दिली होती. मात्र आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, "सर, माती न्यायला काही हरकत नाही. पण तिच्यात काय निघालं, ते सांगायला कोणी येतं का?"

"येईन की, काका," असे आमचा विद्यार्थी म्हणाला खरा. परंतु परतताना तो गप्प होता. घरी आल्यावर त्याने कबूल केले की, गेल्या चार वर्षांत त्याने अनेक गावांची माती नेली, पण उत्तर घेऊन तो एकाही गावी परत गेला नाही. पुढे तो म्हणाला, "आणि गेलो असतो, तरी सांगितलं काय असतं, सर?" हे त्याचे दुसरे वाक्य आम्हांस पहिल्याहून अधिक विचारात पाडणारे वाटले. प्रस्तुत लेखात आम्ही याच दोन प्रश्नांचा विचार करू इच्छितो. मातीतून आज जे वाचले जाते, ते ज्ञान कोणत्या जातीचे? आणि ज्याच्या भूमीतून ते वाचले, त्याचे वाचणाऱ्यावर काही ऋण राहते की नाही?

ज्या वाचकांचा या शास्त्राशी परिचय नाही, त्यांच्यासाठी प्रथम ही वाचनाची रीत थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मातीत जितके जीव दिसतात, त्यांतील फार थोडे प्रयोगशाळेतील अन्नावर वाढतात. बहुधा शेकड्यास एक, किंवा त्याहूनही कमी. बाकीचे दिसतात, पण हाती लागत नाहीत. या विसंगतीस स्टेली आणि कोनोप्का या शास्त्रज्ञांनी १९८५ साली नाव दिले. तेव्हा संशोधकांनी निराळी वाट धरली. जीव वाढवावयाचाच नाही. त्याच्या पेशीत आनुवंशिकतेचा जो लेख असतो, तो डीएनए नामक धागा सरळ मातीतून काढावयाचा आणि वाचावयाचा. नॉर्वेत टॉर्सव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अरण्यातील मातीतून असा डीएनए काढून १९९० साली असा अंदाज प्रसिद्ध केला की, त्या अल्पशा मातीत सुमारे ४००० निरनिराळे जीवाणू असावेत. प्रयोगशाळेत त्याच मातीतून वाढविलेल्या जीवाणूंची विविधता त्या मानाने अगदीच तुटपुंजी होती. १९९८ साली जो हँडल्समन यांनी मातीतील या सामुदायिक लेखास 'मेटाजीनोम' ही संज्ञा दिली, आणि तीच पुढे रूढ झाली.

हा धागा काढणे मात्र सोपे नव्हे. पाव ग्रॅम माती घेऊन ती बारीक कठीण मण्यांसह जोराने घुसळतात; साबणासारख्या द्रव्यांनी पेशींची आवरणे विरघळवितात; मग नको ते गाळून, शेवटी मद्यार्काच्या साहाय्याने डीएनए वेगळा करतात. आमच्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत आणखी दोन अडचणी उभ्या राहतात. चिकण मातीचे कण डीएनएस घट्ट धरून ठेवतात आणि सहजी सोडीत नाहीत. आणि मातीत कुजलेल्या पाल्यापाचोळ्यापासून झालेली तपकिरी आम्ले धाग्यासोबत उतरतात व पुढील वाचनात विघ्न आणतात. म्हणजे ज्या गुणांमुळे ही जमीन ओल धरते आणि पीक देते, तेच गुण आपला लेख वाचू देण्याच्या आड येतात!

या रीतीने आपल्या प्रांतात काय साधले, याचे उदाहरण वाळूजपासून फार दूर नाही. जालन्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. अशनिपाताने बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले, त्यातले हे पाणी खारट आणि अतिशय क्षारयुक्त आहे. १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. त्यापूर्वी कितीतरी शतके लोक त्यास लवणासुराच्या वधाचे स्थान म्हणून ओळखीत होते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी या सरोवरातील सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचून आपला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने त्याच सरोवरातील जे जीवाणू प्रयोगशाळेत वाढू शकतात, त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. सरोवर एकच, शहरही एकच. पण एकाने जीवांची अक्षरे वाचली, दुसऱ्याने जीव वाढवून पाहिले. या दोन अभ्यासांतील भेद ध्यानी आला म्हणजे आमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

जीव वाढवून पाहणाऱ्यास तो जीव काय खातो, कशाने मरतो, शेजाऱ्याशी कसा वागतो, हे डोळ्यांनी पाहता येते. अक्षरे वाचणाऱ्याने तो जीव पाहिलेलाच नसतो; किंबहुना अक्षरे हाती येण्यासाठी त्याने तो आधी फोडलेला असतो. छांदोग्य उपनिषदात पिता श्वेतकेतूस वडाचे फळ फोडावयास सांगतो, मग त्यातील बी फोडावयास सांगतो, आणि जेथे काहीच दिसेनासे होते तेथे वृक्षाचे मूळ दाखवितो. आमच्या काळातील शास्त्रज्ञही फोडत फोडत अदृश्यापर्यंत जातो. पण श्वेतकेतूसमोर वडाचे झाड उभे होते. मातीच्या वाचकासमोर झाड नाही, केवळ बीजातील लेख आहे; आणि त्या लेखावरून झाड कसे असेल, हे त्यास तर्काने ठरवावयाचे आहे.

आमच्या नैय्यायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. धूर दिसला म्हणून पर्वतावर अग्नी आहे, असे आपण म्हणतो. डीएनए सापडला म्हणून जीव आहे, असे शास्त्रज्ञ म्हणतो. परंतु विझलेल्या अग्नीचा धूरही काही काळ दरीत रेंगाळतो. जीव मेल्यावर त्याचा डीएनए मातीच्या कणांस चिकटून दीर्घकाळ टिकू शकतो. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, तपासलेल्या मातींतील सरासरी ४० टक्के डीएनए अशा मृतांचा किंवा फुटलेल्या पेशींचा असल्याचे आढळले. म्हणजे मातीचा ग्रंथ वाचताना जिवंतांची नावे कोणती आणि दिवंगतांची कोणती, हे वेगळे विचारल्याशिवाय कळत नाही. दुसरे असे की, एखादे जनुक सापडले म्हणजे ते काम करीत आहे असे नव्हे. घरात तलवार आहे एवढ्यावरून त्या घरात युद्ध चालू आहे असे कोणी म्हणत नाही. तिसरे असे की, घुसळणे सौम्य असेल तर जाड आवरणाचे जीव फुटतच नाहीत आणि मोजणीतून सुटतात. घुसळणे फार जोराचे असेल तर धाग्यांचेच तुकडे होतात. जे दिसावयाचे ते पाहणाऱ्याच्या हाताच्या जोरावरही अवलंबून असते.

यावर कोणी म्हणेल, मग हे ज्ञानच नव्हे. आमचे मत तसे नाही. खानेसुमारीवरून एखाद्या गावात किती माणसे आहेत, कोणते धंदे आहेत, हे कळते. त्या गावातील एकाही माणसाशी आपली ओळख होत नाही. म्हणून खानेसुमारी खोटी ठरत नाही. ती केवळ ओळखीहून भिन्न असते. १९७७ साली कार्ल वूज यांनी अशाच अक्षरांच्या तुलनेवरून दाखविले की, जीवाणूंसारखे दिसणारे काही जीव वस्तुतः एका निराळ्याच कुळातले आहेत. त्या कुळास आज 'आर्किया' म्हणतात. नुसत्या डोळ्यांच्या ओळखीवर विसंबून राहिलो असतो तर हा भेद आपल्या ध्यानी आलाच नसता. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा कोणी त्यास शुभ म्हणाले, कोणी अशुभ. आघारकर संस्थेने तपासून सांगितले की, पाण्याची खारटपणाची मात्रा वाढल्याने याच कुळातील मीठप्रिय जीव बळावले आणि हा त्यांच्या रंगद्रव्याचा प्रभाव आहे. ज्या कुळाचे अस्तित्व अक्षरांनी सिद्ध झाले, त्याच्यामुळे आपल्या दारातील एक भय निघून गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, हे ज्ञान खरे आहे, पण ते खानेसुमारीच्या जातीचे आहे. आणि त्यास परिचय म्हणणे हा असत्याचाच एक सभ्य प्रकार होय. संशोधकाने 'या मातीत अमुक जीव राहतात' असे म्हणण्याऐवजी 'या मातीत अमुक जीवांची अक्षरे सापडली' असे म्हटले, तर त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते.

आता दुसरा प्रश्न. ऋण कसले, असे विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद निर्बल नाही. चिमूटभर माती गेल्याने शेतकऱ्याचे काय गेले? जीवाणू काही त्याने पेरले नव्हते, ते त्याच्या सातबाऱ्यावर नोंदलेले नाहीत, वाऱ्यापावसाबरोबर ते एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातात. आणि ज्ञान तर सर्वांचेच असते. हे सर्व मान्य केले तरी इतिहास निराळेच काही सांगतो. १९६६ साली टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील एका उष्ण झऱ्यातून एक जीवाणू आणला. कढत पाण्यातही न मरणाऱ्या त्या जीवाच्या विकरावर पुढे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची पीसीआर ही रीत उभी राहिली. तिच्या शोधाबद्दल कॅरी मलिस यांस १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तिच्यावर अफाट व्यापार झाला. त्या झऱ्यांची राखण करणाऱ्या उद्यानास मात्र त्यातून काहीही मिळाले नाही. आपल्या देशाने २००२ साली जैविक विविधतेचा कायदा केला, त्यात सूक्ष्मजीव आणि त्यांचे आनुवंशिक द्रव्य यांचाही समावेश केला, आणि लाभातील वाटा स्थानिकांस मिळावा असे तत्त्व घातले. परंतु एकदा अक्षरे संगणकात गेली म्हणजे मातीची गरजच उरत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकास बसलेला मनुष्य ती वाचून विकर बनवू शकतो. यावरूनच राष्ट्राराष्ट्रांत वाद झाला, आणि २०२४ साली कोलंबियातील काली येथील परिषदेत अशा अक्षरांपासून नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी स्वेच्छेने भर घालावयाचा एक निधी ठरविण्यात आला.

हे सर्व योग्यच झाले. तथापि आमच्या वाळूजच्या वृद्ध गृहस्थांनी पैसा मागितला नव्हता. त्यांनी मागितले ते उत्तर. आम्हांस असे वाटते की, ज्ञानाचे पहिले ऋण हे पैशाचे नसून उत्तराचेच असते. ज्याच्या भूमीस आपण प्रश्न विचारला, त्यास त्या प्रश्नाचे काय झाले हे त्याच्या भाषेत सांगणे, आणि जे कळले नाही तेही सांगणे, एवढे तरी वाचणाऱ्याकडे लागते. निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाला, त्यात गावाचे अक्षांश-रेखांश छापले गेले, आणि गावास मात्र पत्ता नाही, ही स्थिती आमच्या विद्वत्तेस शोभणारी नव्हे.

याहूनही एक खोल कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांस स्वतःविषयी बोलावे लागेल. मातीतील अक्षरे सगळीच निसर्गाने लिहिलेली नसतात. औषधांस दाद न देण्याचे सामर्थ्य जीवाणूंस ज्या जनुकांनी येते, ती जनुके मुळात प्राचीन आहेत. कॅनडाच्या युकॉन प्रांतातील ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही ती सापडल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणून ती सापडली की लगेच माणसास दोषी धरणे अन्यायाचे होईल. परंतु नेदरलँड्समध्ये १९४० पासून २००८ पर्यंतची माती जपून ठेवलेली होती. ती तपासली असता अशा जनुकांचे प्रमाण उत्तरोत्तर वाढत गेल्याचे २०१० साली दिसून आले. तो काळ माणसाने प्रतिजैविके वापरण्याचाच काळ होय. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. दिल्लीत २०११ सालच्या अभ्यासात रस्त्यांवरील साचपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत, आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत, अत्यंत प्रभावी औषधांसही निष्फळ करणारे एक जनुक सापडले.

हे वाचून आम्ही कारखान्यांकडे बोट दाखविण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात आमच्या विद्यार्थ्याने सहज विचारले, "सर, तुमच्याकडे उरलेल्या गोळ्यांचं काय करता?" आम्ही निरुत्तर झालो. आमच्या घरी कितीतरी वर्षे अशीच रीत आहे: ताप उतरला की औषध बंद करावयाचे, उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवावयाच्या, आणि दिवाळीच्या साफसफाईत मुदत संपलेल्या गोळ्या केराच्या टोपलीत, पातळ औषध मोरीत ओतावयाचे. ती मोरी कोठे जाते, याचा विचार आम्ही, पदवीधर आणि प्राध्यापक, कधी केला नव्हता. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहरातून येणारी खाम नदी आमच्या या भागातूनच पुढे नाथसागराकडे जाते. तिच्या काठच्या मातीत जे लिहिले जात आहे, त्यात आमच्याही घरची एक ओळ असणार. कारखान्याची ओळ मोठी आणि आमची लहान, हे खरे. पण लहान अक्षरात लिहिले म्हणून लिहिणारा मोकळा होत नाही.

येथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. माती वाचणारा मनुष्य हा तिऱ्हाईत वाचक नसतो; जो ग्रंथ तो वाचतो, त्याच्या अलीकडच्या पानांचा तो सहलेखकही असतो. म्हणून त्याने वाचलेले फक्त समानधर्मीयांस सांगून चालत नाही. ज्याच्या शेतात ती पाने आहेत, त्यास ती सांगणे हे सौजन्य नव्हे, देणे आहे.

आमचा विद्यार्थी भाद्रपदात पुन्हा आला. या वेळी त्याने एका पानावर मराठीत चार गोष्टी लिहून आणल्या होत्या: मातीत अनेक प्रकारच्या जीवांची अक्षरे सापडली, त्यांतील पुष्कळांस अजून नावच नाही, त्यांतले जिवंत किती आणि मेलेले किती, हे या रीतीने सांगता येत नाही, औषधांस दाद न देणारी जनुके बहुतेक सर्वच मातींत असतात, ती वाढत आहेत काय हे कळण्यास काही वर्षांनी पुन्हा माती पाहावी लागेल, आणि त्यासाठी त्याने एक नळी गोठवून ठेवली आहे. वृद्ध गृहस्थांनी ते पान नातवाकडून दोनदा वाचून घेतले. मग ते म्हणाले, "हे चांगलं केलंत. पण मला खरं विचारायचं होतं ते विहिरीचं. पाणी प्यावं का नाही?"

इतक्या मोठ्या शास्त्राजवळ या प्रश्नाचे सरळ उत्तर नव्हते. त्यासाठी पाण्याची जुनी, साधी तपासणीच हवी होती. आमच्या विद्यार्थ्याने लाज न बाळगता ते सांगितले, विहिरीवरून पाणी कसे भरून न्यावे याची चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ बाटलीत ते भरून सरकारी प्रयोगशाळेत स्वतः पोहोचविले. त्याच्या प्रबंधात या बाटलीस स्थान नाही. पण मातीकडून घेतलेले ऋण फेडण्यास त्याने त्या दिवशी आरंभ केला, असे आम्ही समजतो. आणि आमच्या कपाटातील गोळ्यांचा डबाही त्याच आठवड्यात आम्ही औषधांच्या दुकानात नेऊन, त्यांची रीतसर विल्हेवाट कशी लावावी हे विचारून घेतले.